वडिलार्जित रानात पहिली तोड करताना

दिवाळी सरली, भातं झोडून झाली, की कोकणात लाकडाचे व्यापारी गावोगावी फिरू लागतात. "दादा, वरचं रान नुसतं उभं आहे. उक्तं द्या, महिन्याभरात मोकळं करून देतो." विसार हातात ठेवायला माणूस तयारच असतो. घराची शाकारणी राहिलेली असते, मुलांच्या फिया असतात, चार भावांचे वाटे असतात. आकडा बरा वाटतो आणि हो म्हटलं जातं.

मीही एकदा हो म्हटलं होतं. संगमेश्वर तालुक्यातली आमची दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, पऱ्याच्या (ओहोळाच्या) वरच्या अंगाची. उक्ता सौदा म्हणजे मनगटाएवढं जे जे उभं होतं ते सगळं गेलं. पऱ्यावर एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेराची, म्हणजे धनेशाची मादी बसायची. तो पाडायचा नाही, हे मी तोंडी सांगितलं होतं, कागदावर घेतलं नव्हतं. मुंबईहून येऊन बघतो तर बुंधा तेवढा उरलेला आणि त्यावर बसून माणसं भाकरी खात होती. पुढच्या पावसात पऱ्या तांबडा वाहिला, आणि खालच्या विहिरीचा तळ त्या वर्षी शिमग्यालाच दिसला.

त्या बुंध्यापायी हे लिहितो आहे. ज्यांच्या हाती पहिल्यांदाच दोन-पाच-दहा एकर रान आलं आहे, त्यांच्यासाठी. लाकूड तोडूच नका असं मी सांगणार नाही. कोकणातलं रान पिढ्यान् पिढ्या वापरातलं आहे: भाताची रोपवाटिका भाजायला, म्हणजे भाजावळीसाठी, कवळ (पानांच्या कोवळ्या फांद्या), घराला वासे, नांगराला लाकूड, चुलीला मोळी. ऐन, किंजळ, साग तोडला तरी खोडातून पुन्हा फुटतो, म्हणूनच हे चालत आलं. आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडं आहे. डोंगरावर जी झाडी दिसते ती बहुतेक तुमच्या-आमच्या मालकीची. ती राहील की जाईल हे आपण सौदा कसा करतो त्यावर ठरतं. रान उक्तं विकायचं नाही, झाड मोजून विकायचं, एवढी एक गोष्ट धरून पुढची सगळी पावलं टाका.

आधी कागद

कुऱ्हाडीच्या आधी सातबारा. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. तिथे 'खाजगी वन', 'वनसंज्ञा' किंवा वनखात्याशी जोडलेला कसलाही शेरा असेल तर तिथेच थांबा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ सालचा आहे. त्या वर्षी ३० ऑगस्टला राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. त्यांतली काही छोट्या मालकांना परत मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण तुमचा गट कुठल्या बाजूला आहे हे तहसील कार्यालयातल्या जुन्या फेरफारांवरूनच कळतं. घरातली म्हातारी माणसं "आपलंच आहे, बाबांपासून खातोय" म्हणतात. ते खरंही असतं, पण कागद वेगळं बोलत असू शकतो. पुढे, सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कोणाचीही असो, कागदोपत्री किंवा प्रत्यक्षात वन असलेल्या जमिनीला वनकायदा लागू होतो, हेही ध्यानात ठेवा. आंबोली, चौकूळ, गेळे या भागात कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांनी पूर्वापार सामाईक कसलेल्या जमिनींचा गुंता आहे. तिथे तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक फांदीही तोडू नका. दोडामार्ग तालुक्यात २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला बंदी घातली. त्या अंगाला जमीन असेल तर सध्याची स्थिती वनखात्यात लेखी विचारून घ्यायची. खाडीलगत रान असेल तर तिवरांचा विषयच नाही. २०१८ च्या निकालाने राज्यभरातली कांदळवनं तोडायला बंद आहेत.

दुसरी अडचण सामाईक सातबाऱ्याची. आमच्या एका गटावर सत्तावीस नावं आहेत आणि त्यांतली नऊ माणसं हयात नाहीत. वारसनोंद आधी करून घ्या आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. गणपतीत सगळे चाकरमानी गावी असतात, तेव्हाच सह्या घ्यायच्या. एकदा माणसं परतीच्या गाडीत बसली की पुढच्या गणपतीपर्यंत थांबावं लागतं.

मग भूमी अभिलेखाकडून मोजणी. हद्दीवरचं एक झाड चुकून गेलं की शेजाऱ्याशी बोलणं तुटतं ते पुढच्या पिढीपर्यंत. गडगा (दगडी कुंपण) असेल तर उत्तम, नसेल तर दगड पुरा आणि चुन्याची खूण करा. आणि हद्दीला देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, लागून असेल तर गावकर-मानकऱ्यांना सोबत घेऊनच हद्द दाखवा. देवरहाटीतल्या पडलेल्या फांदीलाही हात लावायचा तर गाव देवाला कौल लावतं, ती रीत मोडू नका. तुमच्या रानात पुढे जे बी येऊन पडणार आहे ते तिथल्याच जुन्या झाडांचं असतं.

रान मोजणं

हे पाऊल कोणी करत नाही, आणि सगळं घोडं इथेच अडतं. झाडांचा हिशेब मालकाला माहीत नसतो, व्यापाऱ्याला असतो. तो रानातून एकदा फिरला की त्याला गाड्या किती भरतील हे कळलेलं असतं.

लागणारी सामग्री: शिंप्याची टेप, ३३ फूट लांब सुंभाची दोरी, चुना, वही. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. दोरीने असा चौकोन आखा आणि त्यातलं प्रत्येक झाड मोजा. घेर छातीच्या उंचीला घ्यायचा, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. उतारावर असाल तर झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहून. बुंध्याशी घेर घेतला तर आकडा फुगतो. वहीत चार रकाने करा: एक फुटाच्या आतली, एक ते तीन फूट, तीन ते चार फूट, चार फुटांच्या वर. प्रत्येक झाडाचं नाव लिहा. नावं येत नसतील तर गावातल्या गुराख्याला किंवा कवळ तोडणाऱ्या माणसाला दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्या. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, हे मला पुस्तकाने नाही, अशाच एका काकांनी शिकवलं. त्यांनी माझा तळवा सालीवर दाबून धरला आणि म्हणाले, "डोळे मीट नि आता सांग."

चार एकर म्हणजे १६० गुंठे. त्यांतले आठ गुंठे, एकाच कोपऱ्यातले नाही तर वर-खाली, पऱ्याकडचे, वरच्या सड्याकडचे (कातळाच्या पठाराकडचे) असे विखरून मोजलेत तर रानाचा विसावा भाग मोजून झाला. आता समजा या आठ गुंठ्यांत चार फुटांवरची आठ झाडं निघाली. म्हणजे अख्ख्या रानात अंदाजे १६०. हा आकडा ऐकून हात शिवशिवतात. पण त्याआधी तीन ते चार फुटांच्या रकान्यात किती आहेत ते बघा, कारण आज तोडलेल्या झाडाची जागा उद्या तेच घेणार आहेत.

वाढ किती होते हे आपल्याच झाडांवरून काढायचं. वीस-पंचवीस झाडांना छातीच्या उंचीला रंगाचा पट्टा मारून ठेवा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर टेप लावा. माझ्या उतारावर किंजळाचा घेर वर्षाला साधारण इंचभर वाढतो, सड्याच्या कडेला जिथे मातीखाली लगेच कातळ लागतो तिथे त्याच्या निम्माही नाही. इंचभर धरलं तर तीन फुटांचं झाड चार फूट व्हायला बारा वर्षं लागतात. म्हणून रानाचे बारा पट्टे पाडायचे. दर वर्षी एकाच पट्ट्यात शिरायचं. चार एकरांत एक पट्टा सव्वातेरा गुंठ्यांचा होतो, त्यात मोठी झाडं तेरा-चौदा. त्यांतली चार न्यायची, बाकी ठेवायची. तीन-चार फुटांची निदान चार निरोगी झाडं त्या पट्ट्यात नसतील तर तेवढीही न्यायची नाहीत.

वर्षाला चारच झाडं? हो, चारच. शिवाय विरळणीचं जळाऊ लाकूड. व्यापाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापुढे हे फार थोडं दिसतं. पण तो आकडा एकदाच मिळतो. मग दहा-बारा वर्षं उतारावर काडीएवढे फुटवे सोडून काही नसतं आणि त्यांना हाताच्या जाडीचं होऊ न देता पुन्हा कोणीतरी उक्तं मागायला येतं. कोकणातली बरीच रानं आज याच फेऱ्यात अडकली आहेत.

तुमच्या वहीत पहिले दोनच रकाने भरलेले असतील तर तुमचंही रान नुकतंच तुटून गेलेलं आहे. इमारती लाकडाचा विचार सोडा आणि फुटवे विरळ करा. एका खोडावर पाच-सहा फुटवे असतात. त्यांतले सरळ, जमिनीलगत फुटलेले दोन ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने काढा. घरची वर्षाची लाकडं होतात आणि राहिलेले दोन भराभर अंग धरतात.

काय ठेवायचं

तोडायच्या झाडांच्या आधी ठेवायची झाडं ठरवा आणि त्यांना चुन्याचा जाड पट्टा मारा. माझ्या रानातला क्रम असा: पऱ्याच्या दोन्ही काठांना पन्नास-साठ पावलांत काही नाही. चढ इतका उभा की हाताने धरून चढावं लागतं, तिथे काही नाही. जांभ्याच्या कातळावरची माती मुळांनी धरून ठेवलेली असते, ती एका पावसात खाली येते आणि पुन्हा वर जात नाही. वड, पिंपळ, उंबर, कोणताही फायकस वर्गातला वृक्ष तोडायचा नाही. त्यांचं लाकूडही कामाचं नसतं आणि त्यांच्या फळांवर अर्धं रान जगतं. प्रत्येक जातीची निदान दोन-तीन भरदार बीजझाडं प्रत्येक पट्ट्यात राहायला हवीत. सरळसोट, उंच झाड बघून व्यापारी बोट दाखवतो तेच बियाण्याचं झाड असतं. सगळी चांगली नेली आणि वाकडी ठेवली तर पुढचं रान वाकड्यांच्या बियांचं होतं.

आणि ढोलीची झाडं. जुना बेहडा, सातवीण, आंबा, ज्याच्या खोडात पोकळी आहे असा कुठलाही. त्याचा घनफुटाला काही उपयोग नसतो, तरी उक्त्यात तो जळणाच्या भावाने जातो. धनेशाला घरट्यासाठी अशीच ढोली लागते आणि ती पोकळी तयार व्हायला झाडाचं अख्खं आयुष्य जातं. मादी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला आत बसते आणि तोंड लिंपून घेते, एक उभी फट सोडून. नर बाहेरून फळं आणून देतो. आपला तोडीचा हंगाम नेमका हाच असतो, झाड पडलं तर आतली मादी आणि पिल्लं दोन्ही जातात. ओळखायची खूण सोपी आहे: झाडाखाली विष्ठेचा सडा आणि त्यात काजऱ्याच्या चपट्या, बटणासारख्या बिया, वडा-उंबराचा चोथा. ती दिसली तर मान वर करा, वीस-तीस फुटांवर लिंपलेली फट सापडेल. त्या झाडाभोवतीच्या झाडांनाही त्या वर्षी हात लावू नका.

बेहडा उभा ठेवून पैसा मिळतच नाही असंही नाही. संगमेश्वर तालुक्यात बेहड्याची फळं फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली (रान न ओरबाडता गोळा केलेल्या मालाला ते मिळतं) गोळा करून औषधी मालासाठी विकण्याचं काम झालेलं आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था त्यात होती. रानात हिरडा-बेहडा असेल तर अशी खरेदी जवळपास चालते का ते जरूर विचारा.

परवानगी

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. या कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, चिंच, मोह, चंदन अशी झाडं आहेत, म्हणजे कोकणातल्या रानातलं जवळजवळ सगळं मोलाचं लाकूड. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात जातो. सोबत सातबारा, गटाचा नकाशा, हिस्सेदारांची संमती आणि झाडांची यादी. इथे तुमची वही कामी येते. जात, घेर, गटातली जागा असं लिहून दिलंत तर पाहणीला आलेल्या वनपालाचंही काम हलकं होतं. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. परवानगी आल्यावर तोडायच्या झाडांवर खूण होते. तोडून झाल्यावर माल हलवायला वेगळा वाहतूक परवाना लागतो, तो हातात नसताना गाडी नाक्यावर अडली तर लाकूड आणि गाडी दोन्ही अडकतात.

"परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही सही करा," असं व्यापारी म्हणतो. कोऱ्या कागदावर सही करू नका. अर्ज तुमच्या नावाचा असतो, पंचनामा झाला तर तोही तुमच्याच नावाने होतो.

बांबू मात्र वेगळा. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात बदल झाला आणि वनेतर जमिनीवरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून निघाला. सिंधुदुर्गात कुडाळच्या बाजूला मानगा ही बांबूची जात लावून लोक चांगलं उत्पन्न घेतात. रानाच्या कडेला, गडग्यालगत मानग्याची बेटं असली तर रानावरचा ताण खूप कमी होतो. बेटातल्या तीन वर्षांवरच्या काठ्या काढायच्या, कोवळ्या ठेवायच्या, आणि पावसात, कोंब वर येत असताना बेटाला हात लावायचा नाही.

सौदा

भाव घनफुटावर ठरवा. गोल लाकडाचं माप आपल्याकडे चौथाई घेराने काढतात: मधला घेर इंचांत, भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. ४८ इंच घेराचा १५ फुटी ओंडका असेल तर १२ गुणिले १२ गुणिले १५ भागिले १४४, म्हणजे १५ घनफूट. या मापात खरं लाकूड साधारण पाचव्या हिश्श्याने कमी भरतं, कापताना निघणाऱ्या सालपाटाची सूट त्यात धरलेली असते. म्हणून वर आणखी 'साल वजा' म्हणून कोणी घेर कमी धरू लागला तर मान्य करू नका. मोजायला टेप तुमची वापरा.

करार साध्या कागदावर का होईना, लेखी करा. झाडांचे क्रमांक, भाव, आगाऊ रक्कम, माल उचलायची शेवटची तारीख, आणि चुन्याचा पट्टा असलेलं झाड मोडलं तर किती भरपाई. जेसीबीने रस्ता काढायचा नाही, हे वेगळं कलम ठेवा. ओंडके बैलांनी किंवा माणसांनी ओढून पाखाडीपर्यंत (दगडी पायवाटेपर्यंत) आणता येतात. जेसीबीने उतारावर एकदा चर पाडला की पुढच्या पावसात त्याचा पऱ्या होतो. या कलमाला माझ्याकडचे दोन व्यापारी निघून गेले, तिसरा राहिला आणि अजून येतो.

प्रत्यक्ष तोड

ज्या पट्ट्यात पुढच्या वर्षी शिरायचं आहे, तिथल्या तोडायच्या झाडांवरचे वेल या वर्षीच कापून ठेवा. गारंबी आणि उक्षी चार-चार झाडांचे शेंडे एकत्र बांधून टाकतात. एक पाडलं की बाकीची तीन मोडून येतात. वर्षभरात कापलेला वेल सुकून कुजतो. सगळ्या रानातले वेल मात्र काढू नका, फक्त त्या चार झाडांवरचे.

झाड पाडायचं काम अनुभवी माणसालाच द्या. कटर मशीन चालवता येतं म्हणजे झाड पाडता येतं असं नाही. आधी पडायच्या बाजूला खाच, मग पाठीमागून काप, मध्ये बिजागरीएवढं लाकूड राखलेलं. बाजू ठरवताना तुम्ही तिथे उभे राहा आणि खालची रोपं दाखवा. खोडातून पुन्हा फुटायला हवं असेल तर खोड वीतभरापेक्षा उंच ठेवू नका, काप थोडा तिरका घ्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि साल फाटू देऊ नका. फाटलेल्या सालीतून बुरशी शिरते, मग फुटवा आला तरी पहिल्या वाऱ्यात निखळतो. तोड थंडीत उरकलेली बरी. मृगाच्या आधी, म्हणजे मे संपता संपता, शेवटचा ओंडका रानाबाहेर गेलेला असला पाहिजे. ओल्या उतारावर ओढलेलं लाकूड सगळी माती खरवडत नेतं.

तोडीनंतर

फांद्या जाळू नका. उताराला आडव्या रचा, खोडांच्या वरच्या बाजूला अडकवून. पहिल्याच पावसात त्यांच्यामागे पाला आणि माती थांबलेली दिसेल. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर आणि वर पाऊस पडतो, त्याला अडवायला हाताशी हेच असतं. बांधाला लागून वणवा येऊ नये म्हणून शिमग्याच्या आधी हद्दीवरचं गवत काढून दहा-बारा फुटांची जाळरेषा स्वच्छ करा. तोडीच्या वर्षी तर नक्कीच, कारण मोकळ्या झालेल्या जागी गवत माजतं.

रिकाम्या जागी अकेशिया लावायचा सल्ला मिळेल. तो भराभर वाढतो खरा, पण त्याच्या पाल्याच्या थराखाली आपली झाडं सहजी रुजत नाहीत. काजूही सबंध उतारावर नको, कडेला ठीक. फाल्गुन-चैत्रात ऐनाची पंखवाली फळं, बेहडा आणि वैशाखात शिवण गोळा करून ठेवा आणि पहिल्या सरींनंतर फांद्यांच्या ओळीमागे टोका. सगळी रुजत नाहीत, पण जी रुजतात त्यांना पाणी घालायला लागत नाही. त्या पट्ट्यात दोन पावसाळे गुरं आणि शेळ्या येऊ देऊ नका. गुराख्याशी आधी बोला, त्याला दुसरी बाजू दाखवा, नुसता बेडा (वाटेवरचं आडकाठीचं फाटक) लावून भागत नाही.

आश्विनात पाऊस उघडला की वही घेऊन पुन्हा त्या पट्ट्यात जा. प्रत्येक खोडावर किती फुटवे आले, टोकलेल्यांपैकी किती रुजले, पट्टा मारलेलं कोणतं झाड वाऱ्याने पडलं, सगळं तारखेसकट लिहा. बेहड्याच्या त्या बुंध्याशेजारी मी आठ वर्षांपूर्वी तीन बेहडे टोकले होते. दोन आहेत. मोठ्याचा घेर गेल्या कोजागिरीला साडेअकरा इंच भरला.